गुडघ्यात सुई घेण्याआधी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात वैद्यकीय सेवा पथकाने केलेले भाषण)





आम्हाला बोलायला उभे केले आहे खरे, पण आम्ही कीर्तनकार नव्हे. दिंडीच्या सामानाच्या ट्रकमागे औषधांची पेटी घेऊन येणारे आम्ही चौघे जण. दोन डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट ताई आणि एक कंपाउंडर. तुम्ही दिवसभर चालता आणि मुक्कामाला तंबू पडले, की आमच्या कंदिलापुढे रांग लागते. कुणाचे पाय फोडांनी भरलेले, कुणाला ताप, कुणाचे पोट बिघडलेले. हे सगळे निस्तरता येते. फोडाला पट्टी लावली, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी दिले, की सकाळी माणूस पुन्हा टाळ घेऊन उभा. गुडघा मात्र तसा ऐकत नाही. म्हणून महाराजांना आम्ही विचारले, की आज फक्त गुडघ्यावर बोललो तर चालेल का? ते हसले आणि म्हणाले, “माझ्यापासूनच सुरू करा.”

गेल्या काही वर्षांत आमच्या रांगेतला प्रश्न बदलला आहे. पूर्वी लोक म्हणायचे, “डॉक्टर, चोळायला काहीतरी द्या.” आता विचारतात, “ते रक्ताचं इंजेक्शन घेऊ का? साखरेचं घेऊ का? गुडघा नवा होतो म्हणे.” हातात एखादी घडी घातलेली जाहिरात असते. तिच्यावर हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, एका बाजूला काळवंडलेला सांधा, दुसऱ्या बाजूला चकचकीत सांधा, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, की ऑपरेशन नको, गुडघा पुन्हा उगवा. आपल्याच दिंडीतल्या एका माउलीच्या मुलाने आईला वारी चालता यावी म्हणून दुभती म्हैस विकायला काढली होती. तीन इंजेक्शनांचे पैसे उभे करायचे होते. पोराची भक्ती खरी, आईची ओढही खरी. म्हणूनच या सुईत काय असते आणि तिच्याकडून काय मिळू शकते, हे म्हैस बाजारात जाण्याआधी कळलेले बरे.

आधी गुडघा समजून घेऊ. मांडीचे हाड वर, नडगीचे हाड खाली, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत अस्तर असते, त्याला कूर्चा म्हणतात. दोन हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात. हाड हाडाला बांधून ठेवणारे जे चिवट दोर आहेत ते लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध. गावात आपण सरसकट ‘शीर’ म्हणतो, पण तो रक्ताचा मार्ग नव्हे, तो दोर आहे. बैलगाडीचे जू दोराने कसे आवळलेले असते, तसा गुडघा या दोरांनी आवळलेला असतो. दोर सैल झाला तर गाडी डुलते, आणि डुलणारी गाडी चाक झिजवते.

आता यातली अडचण अशी, की कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दोरांनाही रक्तपुरवठा तुटपुंजाच. हाताला कापले तर आठवड्यात खपली धरते, कारण तिथे रक्त येते आणि रक्ताबरोबर डागडुजीचे सामान येते. कूर्चेपर्यंत ते सामान नीट पोहोचतच नाही. त्यामुळे ती एकदा झिजली, की स्वतःहून भरून येत नाही. “गॅप कमी झाली” किंवा “वंगण संपलं” असे जे आपण ऐकतो, त्याचा अर्थ एवढाच, की एक्स-रेत दोन हाडांमधली जागा कमी दिसते, कारण मधले अस्तर पातळ झाले आहे. वंगण काही बैलगाडीच्या आसासारखे संपत नसते. सुजलेल्या गुडघ्यात तर उलट पाणी जास्तच असते!

तर डॉक्टरांच्या मनात फार पूर्वीपासून एक विचार होता. डागडुजीचे सामान तिथे पोहोचत नसेल, तर ते सुईने पोहोचवता येईल का? किंवा तिथे मुद्दाम थोडीशी जखम करून शरीराला जागे करता येईल का? या दोन विचारांतून ही दोन इंजेक्शने निघाली.

पहिले साखरेचे. याला प्रोलोथेरपी म्हणतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन नावाच्या गावी जॉर्ज हॅकेट नावाचे सर्जन होते. त्यांचे म्हणणे असे, की पाठीचे आणि सांध्याचे पुष्कळसे जुनाट दुखणे हे सैल पडलेल्या अस्थिबंधाचे दुखणे आहे. दोर जिथे हाडाला चिकटतो तिथे टोचणारे औषध घातले, तर थोडी सूज येईल, सूज उतरताना नवे धागे तयार होतील आणि दोर घट्ट होईल. सशांच्या स्नायूबंधांवर त्यांनी प्रयोग केले आणि ते जाड झाल्याचे नोंदवले. १९५६ साली त्यांचे यावर पुस्तक निघाले. आज जे औषध वापरतात ते बहुतेक वेळा डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच. आपल्याला अशक्तपणा आला की जी ग्लुकोजची बाटली लावतात, तिच्यात शंभर भागांत पाच भाग साखर असते. इथे ती पंधरा ते पंचवीस भाग असते. एवढी दाट, की आजूबाजूच्या पेशींना ती झोंबते. झोंबावी हाच हेतू. चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीन किंवा जास्त वेळा टोचतात, आणि एका बैठकीत एकाच नव्हे तर गुडघ्याभोवती बऱ्याच ठिकाणी टोचतात. दुखते. टोचताना दुखते, नंतरही दोन-चार दिवस दुखते. ‘काही त्रास नाही’ असे कुणी सांगत असेल, तर त्याने स्वतः घेतलेले नसावे.

दुसरे रक्ताचे. त्याचे नाव पीआरपी. आपल्याच दंडातून रक्त काढतात आणि एका यंत्रात गरागरा फिरवतात. दही घुसळले की लोणी वेगळे होते, तसे तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहते. त्यात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या दाट झालेल्या असतात. जखम झाली की सर्वांत आधी धावून जाणाऱ्या त्या याच. त्यांच्यात वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात. ते पाणी सांध्यात टोचायचे. कल्पना चांगली आहे, रक्त आपलेच असल्याने त्याची अॅलर्जी व्हायची भीतीही फारशी नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र वेगळे, फिरवण्याचा वेग वेगळा, काढलेले रक्त कमी-जास्त, की आत जाणारे औषधही वेगळे होते. कारखान्यातून सारखी गोळी निघते तसे हे नाही. एका दवाखान्यातले पीआरपी आणि शेजारच्या दवाखान्यातले पीआरपी एकच असेल असे सांगता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. गुण येतो का?

इथे आम्ही थोडे सावकाश बोलणार आहोत, कारण ज्यांना गुण आला अशी माणसे याच मंडपात बसली आहेत आणि ती खोटे बोलत नाहीत. दुखणे हे नदीच्या पाण्यासारखे चढते-उतरते. माणूस दवाखान्यात जातो तो पूर आल्यावर. त्यानंतर पाणी उतरणारच असते, सुई घेतली तरी आणि नाही घेतली तरी. शिवाय एवढे पैसे मोजले, डॉक्टरांनी प्रेमाने विचारपूस केली, चार आठवडे जड कामातून सुटका मिळाली, याचाही गुण येतो. तो गुण खोटा नसतो, पण तो त्या औषधाचा आहे की नाही हे कसे ओळखायचे? त्यासाठी संशोधक एक युक्ती करतात. निम्म्या लोकांना खरे औषध टोचतात, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी, आणि कुणाला काय मिळाले हे त्यांना कळू देत नाहीत. मग वर्षभराने दोघांना विचारतात.

ऑस्ट्रेलियात असा एक मोठा प्रयोग झाला. २०२१ साली तो छापून आला. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेली २८८ माणसे. निम्म्यांना आठवड्याच्या अंतराने तीन वेळा पीआरपी, निम्म्यांना मिठाचे पाणी. एका वर्षानंतर पीआरपीवाल्यांचे दुखणे शून्य ते दहाच्या मापावर सरासरी २.१ ने कमी झाले. बरे वाटते ना ऐकून? मिठाच्या पाण्याचे ऐका. तेही १.८ ने कमी झाले. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान आहे. एमआरआय काढून कूर्चाही मोजली. दोन्ही गटांत ती थोडी कमीच झाली होती, जवळजवळ सारखी. म्हणजे ‘उगवली’ कुठेच नाही.

याच्या आधी छोटे-छोटे बरेच अभ्यास झाले होते आणि त्यांतल्या कित्येकांत पीआरपीने सहा महिने ते वर्षभर आराम दिसला होता. म्हणून तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी घेऊ नये असे ठामपणे सांगितले आणि साखरेचे इंजेक्शनही शक्यतो नको म्हटले. तिथल्याच हाडांच्या सर्जनांच्या संघटनेने २०२१ मध्ये म्हटले, की पीआरपीने दुखणे कमी होऊ शकते, पण पुरावा मर्यादित आहे. दोघांत एकवाक्यता एवढ्यावर आहे, की ही पहिली पायरी नव्हे.

साखरेच्या इंजेक्शनाचे काय? अमेरिकेतच विस्कॉन्सिनमध्ये ९० जणांवर एक प्रयोग झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. तीन गट केले. एकाला साखर, एकाला मिठाचे पाणी, एकाला घरी करायचे व्यायाम. शंभर गुणांच्या मापावर वर्षअखेरीस साखरवाले सुमारे १५ गुणांनी सुधारले, बाकीचे दोन्ही गट सुमारे ८ गुणांनी. हा फरक खरा आहे आणि आम्ही तो लपवणार नाही. पण ९० माणसे म्हणजे आपली अर्धी दिंडीसुद्धा नाही. आणि पाठीच्या दुखण्यासाठी ऑस्ट्रेलियात ११० जणांवर जो प्रयोग २००४ साली छापून आला, त्यात साखर आणि मिठाचे पाणी सारखेच ठरले. दोन्हींनी आराम पडला, सारखाच पडला. तेव्हा आमचे मत असे, की साखरेच्या सुईने काहींना आराम पडू शकतो, पण झिजलेले अस्तर त्याने परत येते असे कुणी दाखवून दिलेले नाही. टाच, कोपर अशा ठिकाणच्या जुनाट दुखण्यातही या इंजेक्शनांचे निकाल उलटसुलट आहेत. कुठे गुण दिसतो, कुठे मिठाच्या पाण्याएवढाच.

लिगामेंट पूर्ण तुटली असेल, म्हणजे पाय मुरगळून गुडघ्यात ‘टक्’ आवाज झाला, लगेच सूज आली आणि त्यानंतर वळताना गुडघा दगा देतो असे असेल, तर मात्र प्रश्नच वेगळा. तुटलेल्या दोराची टोके सुईतल्या औषधाने गाठ मारून जोडली जात नाहीत. तिथे हाडांच्या डॉक्टरांकडून तपासणी हवी. कधी ऑपरेशन, कधी नुसता शिस्तीचा व्यायाम.

तिसरे एक नाव अलीकडे ऐकू येते, स्टेम सेल. हे सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त आशा विकणारे. आपल्या देशाच्या आरोग्य संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ च्या नियमांत स्पष्ट केले आहे, की रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा उपचार हा मान्यताप्राप्त संशोधनाच्या चौकटीतच व्हावा. आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा स्टेम सेलने गुडघा नवा करून देतो, एवढे लाख भरा, असे कुणी म्हणाले तर रामकृष्ण हरी म्हणावे आणि घरचा रस्ता धरावा.

आता जी सुई आपल्याकडे सर्वांत जास्त टोचली जाते तिच्याविषयी. ती ना रक्ताची, ना साखरेची. ती स्टेरॉइडची. आषाढ जवळ आला, की कुणीतरी जाऊन ‘एक टोचून’ येतो आणि आठ दिवसांत पळायला लागतो. वाईट औषध नव्हे ते. सुजलेल्या, पाणी भरलेल्या गुडघ्याला कधीतरी एकदा, योग्य हातांनी दिले तर काही आठवडे चांगला आराम मिळतो. पण ते सूज दाबते, डागडुजी करत नाही. आणि वारंवार घेतले तर? अमेरिकेत १४० जणांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड किंवा मिठाचे पाणी टोचून पाहिले. २०१७ चा अभ्यास आहे. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली होती. मधुमेह असलेल्यांची साखर या सुईनंतर काही दिवस वर जाते, हे तर आम्ही दरवर्षी पाहतो. दुखणे दाबून अडीचशे किलोमीटर चालायचे म्हणजे चुलीवरच्या दुधाकडे पाठ करून बसायचे.

म्हणून कुणी काहीही टोचणार असेल तर आधी तोंड उघडून विचारायचे, “यात काय आहे? नाव कागदावर लिहून द्या.” आपली माणसे इथे लाजतात. डॉक्टरांना कसे विचारावे? अहो, बी-बियाण्याच्या दुकानात पिशवी उलटीसुलटी करून वाचता, वाण विचारता, पावती घेता. इथे तर स्वतःचा गुडघा आहे! रक्ताचे म्हणून स्टेरॉइड, वंगणाचे म्हणून साखर, असे होऊ नये. टोचणारा हाडांचा किंवा सांध्यांचा शिकलेला डॉक्टर आहे का, सोनोग्राफीत बघून टोचणार का, सुई आणि नळी नवी पाकीट फोडून घेतली का, एकूण खर्च किती आणि गुण नाही आला तर पुढे काय, हेही विचारा. तुमच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, अंगावर कुठे गळू किंवा जखम असेल, तर ते न विचारता सांगा.

सुईनंतरची एक खूण सगळ्यांनी पाठ करा, अगदी लेकरांनाही सांगून ठेवा. कोणतेही इंजेक्शन घेतल्यावर थोडे दुखणे चालते. पण गुडघा लालभडक, तव्यासारखा गरम झाला, ताप-थंडी आली, पाय हलवता येईना, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याला मलम नको, शेक नको, सकाळची वाट नको. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यायचे. उशीर झाला तर सांधा कायमचा जातो, आणि विष अंगभर पसरले तर जीवही. जत्रेतल्या तंबूत, गाडीच्या डिकीत, घरोघर फिरून टोचणाऱ्यांकडून सांध्यात सुई घेऊ नका असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणि वेळेचे गणित. रक्ताचे आणि साखरेचे इंजेक्शन घेतलेच, तर त्याचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात आणि सुरुवातीला दुखणे वाढते. त्या काळात सूज मारणाऱ्या गोळ्या घेऊ नका असे डॉक्टर सांगतात, कारण थोडी सूज हवीच असते. म्हणजे ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान आणि त्याआधी पंधरा दिवस सुई, हा हिशेब कोणत्याही बाजूने जमत नाही.

मग करायचे काय? म्हैस विकायला काढलेल्या त्या मुलाला आम्ही जे सांगितले तेच सांगतो. त्याला ते आवडले नव्हते, कारण ते फुकट होते.

गुडघ्याचा खरा आधार मांडीचा पुढचा स्नायू आहे. तो बळकट असला, की प्रत्येक पावलाचा धक्का तो खातो. तो वाळला, की धक्का थेट सांध्यात जातो. आणि दुखतो म्हणून माणूस पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू वाळतो, वाळला म्हणून अजून दुखतो. हे रहाट मोडायचे असेल तर ते व्यायामानेच मोडते. ज्या मार्गदर्शिकेने पीआरपीला ठाम नकार दिला, तिनेच व्यायामाला आणि जास्त वजन असेल तर ते उतरवण्याला ठाम होकार दिला आहे.

आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई जे शिकवतात ते असे. खुर्चीवर बसा. एक पाय सरळ करा, पंजा आपल्याकडे ओढा, मांडी दगडासारखी घट्ट करा. मनात ‘विठ्ठल’ दहा वेळा म्हणा, मग पाय खाली. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. दुसरा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश बसायचे. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. तिसरा म्हणजे भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. रोज, किंवा निदान आठवड्यातून चार दिवस. पहिले पंधरा दिवस काही फरक कळत नाही, उलट मांडी भरून येते. सहा आठवड्यांनी जिना कळतो. ओट्याच्या पायरीवर हात न लावता चढता आले, असे पहिल्यांदा सांगायला येणाऱ्या आजींचा चेहरा आम्ही पाहिला आहे, म्हणून एवढ्या खात्रीने बोलतो.

वजनाचे एक गणित. अंगावरचे एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार कमी होतो. आता आळंदी ते पंढरपूर धरा. पाऊल दोन फुटांचे धरले तर चार लाखांच्या आसपास पावले होतात. त्यातली निम्मी एका गुडघ्याची. दोन लाख पावले, प्रत्येक पावलाला चार किलो कमी. कोणत्या सुईत एवढी ताकद आहे? एकादशीला साबुदाणा, वेफर्स आणि तळलेले पापड खाऊन आपण जो दुप्पट उपवास करतो, त्यावर बोलत नाही, महाराज समोर बसले आहेत.

दुखण्यासाठी आधी लावायचे औषध, म्हणजे सूज कमी करणारे मलम. गोळ्या नंतर, आणि त्याही विचारून. वारीत ऊन, घाम, पाणी कमी प्यायलेले, अशा अंगात या दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शेजारच्या तंबूतून घेतलेली बिननावाची पुडी तर नकोच. तिच्यात काय कुटले आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसते. कधी कधी त्यातही स्टेरॉइडच निघते. वाकलेल्या, एका बाजूने झिजलेल्या चपला बदला. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरा. बहुतेक जण ती चुकीच्या हातात धरतात.

आता वारीचेच थोडे. दिवे घाटाची चढण सावकाश, छोट्या पावलांनी चढा. घाटात पुढच्या दिंडीला गाठायची गरज नाही, माउलींचा रथही सावकाशच चढतो. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो तेव्हा ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी पळू नये. उतारावर पळताना वाटीमागे सर्वांत जास्त दाब येतो. फुगडी खेळणाऱ्या माउलींनाही हेच. बघा, टाळ्या वाजवा, गुडघा गिरकीत पिळू देऊ नका. रिंगणानंतर घोडा गेलेल्या मातीला हात लावायला वाकताना कुणाचा तरी हात धरा.

आणि ज्यांना चालणे खरोखर जमत नाही त्यांच्याशी एक बोलणे बाकी आहे. आमच्या रांगेत डोळ्यांत पाणी आणून बसणारी माणसे गुडघ्यासाठी रडत नाहीत. “यंदा गाडीत बसावं लागलं, आता मी वारकरी कसला?” यासाठी रडतात. दिंडीतल्या जुन्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे, की या दिंडीचे एक विणेकरी म्हातारपणी एकेक टप्पा चालत आणि उरलेला बैलगाडीत बसून, वीणा खाली न ठेवता, करत. कुणी त्यांची वारी कमी मोजली नाही. सकाळच्या थंड वेळेचा टप्पा चालायचा, दुपारी सामानाच्या गाडीत बसायचे, मुक्कामाच्या आधी उतरून पुन्हा दिंडीत यायचे, असे दरवर्षी निदान दहा-बारा जण करतात. आमच्याकडे त्यांची यादी असते आणि ट्रकमध्ये त्यांची जागा राखलेली असते. त्यासाठी गुडघ्यात काही टोचावे लागत नाही.

ज्यांचे दुखणे व्यायाम, वजन, मलम, काठी या सगळ्यांनी सहा महिन्यांतही हटत नाही, रात्री झोपू देत नाही, पाय वाकडा झाला आहे, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून सांधा बदलण्याविषयी विचारावे. घाबरून नव्हे आणि घाईनेही नव्हे. ज्यांची झीज अजून सौम्य आहे, हे सगळे करून झाले आहे, खर्च सहज झेपतो आणि ‘कदाचित आराम पडेल, कूर्चा उगवणार नाही’ हे समजून ज्यांना पीआरपी किंवा साखरेचे इंजेक्शन घेऊन पाहायचे आहे, त्यांना आम्ही अडवत नाही. योग्य ठिकाणी पाठवतो आणि नंतर विचारपूसही करतो. कर्ज काढून, गुरे विकून, जमीन गहाण टाकून मात्र नको.

त्या घरची म्हैस गोठ्यातच राहिली. आईने चैत्रापासून खुर्चीचा व्यायाम केला. गुडघा काही नवा झाला नाही, अजून दुखतो, पावसाळी हवेत जास्त दुखतो. मागच्या आषाढीला त्या सासवडपर्यंत गाडीत आल्या, पुढे सकाळचे टप्पे चालल्या आणि वाखरीपासून पंढरपूरपर्यंत सबंध चालल्या. वाटेत आमच्याकडे दोनदा मलम मागायला आल्या आणि दोन्ही वेळा कंपाउंडरना खरवस आणून दिला, आम्हाला नाही.

एक निरोप देऊन थांबतो. चैत्री वारीहून परतल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारपासून आषाढीपर्यंत, दर गुरुवारी संध्याकाळी हरिपाठाआधी अर्धा तास, विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात गुडघ्याचे व्यायाम घेतले जातील. खुर्च्या मंदिराच्या आहेत. येताना जुने एक्स-रे, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि रोज वापरता त्या चपला घेऊन या. कुणाकडे इंजेक्शनाची जाहिरात असेल तर तीही आणा, बसून वाचू.

रामकृष्ण हरी.